जुन्या ब्रिटिश लेथचे आटे ओळखायचेत?
अरे, आधी एक सांगतो, नट बसत नसेल तर पाना लावून जबरदस्ती अजिबात करू नकोस, आटे गेले की गेलेच. बोल्ट डिझेलने स्वच्छ धू, व्हर्निअरने बाहेरचा व्यास घे आणि मग पिच गेज (आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, तपासायची दातेरी पट्टी) लावून उजेडासमोर धर, फट दिसली की गेज चुकीचा. अर्धा इंची बोल्टला इंचात 12 आटे असले तर व्हिटवर्थ (जुनं ब्रिटिश जाड आट्यांचं माप), 16 असले तर बीएसएफ (ब्रिटिश बारीक आट्यांचं), 13 म्हणजे यूएनसी (अमेरिकन जाड आट्यांचं). पण पाव इंचीला व्हिटवर्थ नि यूएनसी दोन्ही 20च, तिथे आट्याचा कोन बघायचा, व्हिटवर्थ 55 अंश, यूएनसी 60. बारीक स्क्रू बहुतेक बीए (छोट्या स्क्रूंचं ब्रिटिश माप) निघतील, झिरो बीए तर हुबेहूब मेट्रिक एम6 वाटतो, 6 मिमी नि पिच 1, पण कोन साडेसत्तेचाळीस!