गरब्यात हार्ट अटॅकच्या बातम्यांनी घरचे धास्तावलेत. नऊ रात्री खेळण्याआधी काय तपासून घ्यावे?

तुम्ही विचारले आहे: वय ४६, बडोद्यात बैठी नोकरी, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू, वडिलांची ५४ व्या वर्षी अँजिओप्लास्टी झालेली. नवरात्राला सात आठवडे आहेत, उपवासही करायचे आहेत, आणि घरचे म्हणतात यंदा पास काढूच नका.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वडिलांची. वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत, किंवा आई-बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टर तो धोका वेगळा मोजतात. तेव्हा पास काढा, पण आधी तपासणी.

बातम्यांबद्दल थोडे. २०२३ च्या नवरात्रात गुजरातमधल्या तरुण मृत्यूंच्या बातम्या देशभर फिरल्या आणि सगळे खापर कोविडच्या लशीवर फुटले. त्याच सुमारास आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, अभ्यास आला. ४७ मोठ्या रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या, वरवर धडधाकट माणसांचे अचानक झालेले ७२९ मृत्यू तपासले होते. लशीने धोका वाढलेला दिसला नाही. संबंध दिसला तो कोविडसाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, घरात असा अचानक मृत्यू झालेला असणे, मृत्यूआधीच्या ४८ तासांत भरमसाट दारू किंवा नशा, आणि त्याच ४८ तासांत झालेले जोरदार श्रम यांच्याशी. तुमचे वय त्या गटाच्या एक वर्ष पुढे आहे, पण शेवटचा मुद्दा तुम्हालाही लागू: वर्षभर बसून राहायचे आणि पहिल्याच रात्री तीन तास सलग खेळायचे, हे हृदयाला झेपेलच असे नाही.

तपासणीत रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), साधा ईसीजी एवढे कराच. एचबीए१सी ५.७ ते ६.४ आला तर तो मधुमेहाचा उंबरठा. वडिलांच्या इतिहासामुळे लिपोप्रोटीन (ए), म्हणजे कोलेस्टेरॉलसारख्याच एका घटकाची रक्तचाचणी, आयुष्यात एकदा करून घ्या. ते बहुतांशी आनुवंशिक असते, पुन्हा पुन्हा करावे लागत नाही. टीएमटी (फिरत्या पट्ट्यावर चालताना काढलेला ईसीजी) आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) तुमच्या बाबतीत योग्य वाटतात, पण ते डॉक्टरांनी तुम्हाला तपासून ठरवावे.

गफलत होते ती रिपोर्ट हातात आल्यावर. विश्रांतीतला ईसीजी नॉर्मल म्हणजे त्या घडीला ठीक, एवढाच त्याचा अर्थ. टीएमटीत हृदयाच्या रक्तवाहिनीतला साधारण ७० टक्क्यांच्या वरचा अडथळा पकडला जातो. अटॅक मात्र पुष्कळदा ३०-४० टक्केच अडथळा करणाऱ्या चरबीच्या साठ्याला चीर जाऊन, तिथे रक्ताची गुठळी धरून येतो. म्हणून ‘सगळे नॉर्मल’ असलेला माणूस मैदानात कोसळला की लोकांना आश्चर्य वाटते. रिपोर्ट कितीही चांगला असो, छातीत दुखले की थांबायचेच.

घरच्या घरी करायची एक चाचणी: चार मजले, म्हणजे साधारण ६० पायऱ्या, न थांबता भरभर चढा. मिनिटाच्या आत चढलात तर बरे चालले आहे. दीड मिनिटाच्या वर गेलात तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. छातीत दाब आला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर चाचणी तिथेच सोडा आणि त्याच दिवशी दाखवा.

तपासणीत हिरवा कंदील मिळाला की सात आठवडे पुरेसे आहेत. पहिले दोन आठवडे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे. मग दोन आठवडे एक मिनिट जोरात, दोन मिनिटे सावकाश, असे आठ फेरे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात प्रत्यक्ष गरबा: पंधरा मिनिटे खेळणे, पाच मिनिटे चालत विसावा, असे तीनदा. दोढियू या गरब्याच्या प्रकारात सगळा भार पोटऱ्यांवर येतो आणि आपल्याकडे खेळतात अनवाणी, त्यामुळे रोज टाचा उचलण्याचे पंधरा-पंधराचे तीन संच करा, नाहीतर चौथ्या रात्री टाचेमागची शीर धरते. सातवा आठवडा हलका ठेवा. तुमची गोळी पुढे बदलून मेटोप्रोलॉलसारखी (ठोके मंद ठेवणारी) झाली, तर नाडी फारशी वाढत नाही आणि घड्याळातला आकडा फसवतो. त्यापेक्षा बोलून पाहा: खेळताना एक पूर्ण वाक्य म्हणता आले तर वेग ठीक, दोन शब्दांवर धाप लागली तर वर्तुळाच्या कडेला या. स्मार्टवॉचचा ईसीजी फार तर ठोक्यांची अनियमितता दाखवतो, हार्ट अटॅक ओळखत नाही. काही लोक दर पाच मिनिटांनी मनगट बघत खेळतात, त्यातून नुसती धडधड वाढते.

नऊ रात्री सारख्या खेळू नका. पहिल्या दोन रात्री मध्यंतरापर्यंतच, मग दिवसाआड पूर्ण. मध्यंतरानंतर लय चढते, वर्तुळ दाटते, हवा कोंडते. दमलेल्या माणसाने पुन्हा आत शिरायची ती वेळ नाही. खेळ संपताच बसकण मारू नका. रक्त पायांत साठलेले असते, त्यात तुमची गोळी रक्तदाब खाली ओढते, आणि घेरी येते. पाच-दहा मिनिटे चालून मगच बसा. संध्याकाळी रक्तदाब १८०/११० च्या पुढे असेल तर ती रात्र घरी, आणि डॉक्टरांना फोन. अंगात ताप असेल तरीही घरीच, कारण विषाणूचा ताप हृदयाच्या स्नायूला सूज आणू शकतो आणि त्या अवस्थेत श्रम सगळ्यात घातक. झोप बुडत असेल तर दुसऱ्या दिवशीचा गरबा बुडवा.

निघण्याच्या दोन तास आधी खाऊन घ्या आणि अर्धा लिटर पाणी प्या. खेळताना दर वीस मिनिटांनी वाटीभर पाणी. तासाभराच्या खेळाला पाणी-ताक पुरते, ओआरएस लागत नाही. लागलेच तर पाकिटावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात विरघळवा; मोठे पाकीट एक लिटरमध्ये, ग्लासभर पाण्यात नाही. ‘ओआरएस’ नाव लावून विकली जाणारी गोड पेये वेगळी. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा नियामकाने ऑक्टोबर २०२५ मध्ये तशा नावांवर बंदी घातली ती उगाच नाही. घरी करायचे तर एक लिटर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. एनर्जी ड्रिंक नकोच. मध्यरात्रीचे सेव उसळ मी सोडा म्हणणार नाही, पण ते खाऊन लगेच आडवे होऊ नका: छातीत जळजळ उठेल आणि ती गॅसची की हृदयाची, हे रात्री दीड वाजता कोणालाच सांगता येणार नाही.

उपवासाचे. नुसती टेल्मिसार्टन चालू असेल तर उपवास बहुधा निभतो, पाणी मात्र भरपूर हवे. निर्जळी करून गरबा नाही. त्याच गोळीत लघवी वाढवणारे औषध जोडलेले असेल, किंवा साखरेसाठी ग्लिमेपिराइड, इन्शुलिन, डापाग्लिफ्लोझिन सुरू झाले, तर उपवासाआधी डोस विचारून घ्या. पाय दुखतात म्हणून खेळण्याआधी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेण्याची पद्धत मैदानात सर्रास दिसते. टेल्मिसार्टन, घाम आणि ही गोळी, तिघे एकत्र आले की मूत्रपिंडावर घाला पडतो. दुखले तर पॅरासिटामॉल. अष्टमीला घरी घागर फुंकायची प्रथा असेल तर त्या रात्री गरबा नको: भराभर फुंकण्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, हातापायांना मुंग्या येतात, चक्कर येते.

आता खूण ओळखणे. छातीच्या मधोमध दाब किंवा जडपणा, जबडा-खांदा-हाताकडे जाणारी कळ, थंड घाम, न झेपणारी धाप. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छाती न दुखता मळमळ, पाठदुखी, विलक्षण थकवा एवढेच असू शकते. बातम्या वाचून घाबरलेल्या माणसाला पॅनिक अटॅकही येतो, धडधड आणि मुंग्यांसकट, आणि साधारण दहा मिनिटांत कळस गाठून ओसरू लागतो. पण दोन्हींतला फरक मैदानात ठरवत बसू नका. दहा मिनिटे वाट बघू, सोडा पिऊन बघू, यातच वेळ जातो. १०८ लावा आणि माणसाला बसवून ठेवा. शुद्धीवर असेल, ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर १०८ वाल्यांना विचारून ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून द्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीतली जिभेखालची सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या रुंदावणारी गोळी) आपल्या मनाने देऊ नका. रक्तदाब आधीच कमी असेल किंवा त्या माणसाने सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतले असेल तर ती जिवावर बेतते.

कोसळला आणि हाकेला ओ देत नसेल, तर दहा सेकंदांत श्वास बघा. मधूनच येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. इथे लोक हमखास फसतात. एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवून ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायचे, मिनिटाला १०० ते १२०, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण दमलेला हात उथळ दाबतो आणि ते दाबणाऱ्याला कळत नाही. मदतीविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. पाणी पाजणे, कांदा हुंगवणे, जोरजोरात खोकायला सांगणे, यातले काही करायचे नाही. एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) असेल तर चालू करा, पुढचे ते यंत्रच बोलून सांगते.

पहिल्या रात्री आत शिरतानाच ॲम्ब्युलन्स कोणत्या गेटपाशी उभी आहे आणि एईडी कोणाकडे आहे हे आयोजकांना विचारून ठेवा. रात्रभर अँजिओप्लास्टी होणारे जवळचे रुग्णालय आधीच फोन करून पक्के करा आणि त्याचा नंबर सोबतच्या दोघांच्या मोबाइलमध्ये द्या, कारण तुमचा मोबाइल त्या वेळी कुलूपबंद असेल.