दुसरा कॉम्प्युटर दिसतो, पण शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही

तुम्ही लिहिलंय की दोन्ही विंडोज कॉम्प्युटर एकाच राउटरवर आहेत, दुसऱ्याचं नाव नेटवर्कमध्ये दिसतं, पण फोल्डर उघडायला गेलं की पासवर्ड मागतो आणि कुठलाच चालत नाही.

नाव दिसतंय म्हणजे केबल-राउटर ठीक आहे, त्यात वेळ घालवू नका. आधी नाव सोडून थेट पत्त्यावर जाऊन बघा: रन (विंडोज आणि R ही बटणं एकत्र दाबल्यावर येणारी चौकट) उघडा, दोन बॅकस्लॅश (\\) आणि पुढे दुसऱ्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा आकडी पत्ता) टाका. पासवर्डची चौकट आली तर फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी रोखणारी विंडोजची सोय) वाट अडवत नाहीये. चौकटच आली नाही, तर त्या कॉम्प्युटरवर नेटवर्क प्रोफाइल (विंडोजमध्ये त्या नेटवर्कला दिलेला प्रकार) ‘पब्लिक’ आहे का पाहा आणि ‘प्रायव्हेट’ करा. पिंगला (दुसरा कॉम्प्युटर उत्तर देतो का ते पाहायच्या चाचणीला) उत्तर आलं नाही तरी घाबरू नका, विंडोजची फायरवॉल ते बरेचदा अडवते; फाइल शेअरिंग पिंगवर नाही, पोर्ट ४४५ वर (पोर्ट म्हणजे जोडणीचं क्रमांक दिलेलं दार) चालतं.

आता पासवर्ड. बहुतेक जण इथेच अडकतात. रोज लॉगिन करताना टाकता तो पिन इथे चालत नाही, तो फक्त त्याच मशीनपुरता असतो. ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे, तिथल्या खात्याचं नाव आणि खरा पासवर्ड हवा. खात्याला पासवर्डच नसेल तर विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. माझं मत विचाराल तर पासवर्ड-संरक्षण बंद करू नका; शेअरिंगसाठी त्या कॉम्प्युटरवर वेगळं लोकल खातं (फक्त त्याच कॉम्प्युटरवरचं) काढा.

आत गेल्यावर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ आलं, तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या शेअरिंग आणि सिक्युरिटी या दोन्ही टॅबमध्ये त्या खात्याला परवानगी द्या. दोन्हींपैकी जी कडक, तीच लागू होते.