साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रुजू होताना : पांढऱ्या पावडरीपासून सावध राहा

रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून यंदाच्या गळीत हंगामात आपल्या जिल्ह्यातील एका कारखान्यात लॅब केमिस्ट म्हणून तुम्ही रुजू होत आहात, घरी दोन वर्षांचे मूल आहे, आणि 'ॲसिडखेरीज आणखी कशाला जपावे?' असे तुम्ही विचारले आहे. कोल्हापूर परिसरातील कारखान्यांत मी वीसहून अधिक हंगाम काढले आहेत. ॲसिडची भीती सगळ्यांनाच असते, त्यामुळे त्याचे अपघात तुलनेने कमी होतात. जपायचे ते शिशाला.

रसाचे पोल (म्हणजे त्यातील साखरेचे प्रमाण) काढण्यापूर्वी तो निवळावा लागतो आणि त्यासाठी अनेक ठिकाणी अजून लेड सबॲसिटेट हे शिशाचे संयुग वापरतात. ही पांढरी, बारीक पावडर चमच्याने फ्लास्कमध्ये टाकून फ्लास्क हलवला आणि रस गाळला, की खाली उतरणारे स्वच्छ द्रव एखाद्या सरबतासारखे दिसते. त्या गाळलेल्या द्रवातही शिसे असते आणि गाळण कागदावरच्या चोथ्यात तर भरपूर असते. डबा उघडताना उडणारी धूळ श्वासावाटे आत जाते, बोटांना लागलेली भाकरीबरोबर पोटात जाते. शिसे हाडांत साठते आणि वर्षानुवर्षे तिथेच राहते, त्यामुळे पहिल्या एकदोन हंगामांत काहीच जाणवत नाही. पुढे थकवा, पोटात कळा, बद्धकोष्ठता, रक्तक्षय सुरू झाला तरी माणूस त्याचे खापर रात्रपाळीवर फोडतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील अधिसूचित (सरकारला कळवावेच लागणाऱ्या) रोगांच्या यादीत पहिलेच नाव शिशाच्या विषबाधेचे होते, यावरून हा धोका किती जुना आहे हे कळेल.

मी नवीन असताना आमच्याकडे पिपेट (द्रव मोजून घ्यायची काचेची नळी) तोंडाने ओढण्याची पद्धत होती, आणि 'त्यात काय, रसच तर आहे' असे म्हणत निवळलेला रस मीही एकदोनदा गिळला आहे. तुम्ही पिपेटला लावायचा रबरी फुगा मागून घ्या. नसेल तर स्वतः विकत घ्या, फार महाग नसतो. पाहुण्यांना बीकरमधून रस पाजण्याची हौस आपल्याकडे मोठी आहे (कोल्हापूरच्या पाहुणचाराला तोड नाही, हे मान्य). त्या बीकरमध्ये आदल्या पाळीत काय होते हे कोणीच सांगू शकत नाही. चहा आणि डबा प्रयोगशाळेच्या बाहेरच घ्यावा, तोही हात साबणाने धुतल्यावर. पावडर काढताना हातमोजे आणि धुळीसाठीचा योग्य मास्क वापरा, टेबल ओल्या फडक्याने पुसा, कोरडे झाडू नका. चोथा मोरीत न ओतता वेगळ्या डब्यात साठवायला सांगा. शिसेविरहित पावडरही बाजारात मिळते. मुख्य केमिस्टकडे तिची लेखी मागणी करण्यात संकोच बाळगू नये.

हंगामाआधी आणि हंगामानंतर रक्तातील शिसे तपासून घ्या. दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आढळल्यास ते कुठून येते हे शोधून संपर्क थांबवावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ चे मार्गदर्शन आहे. पुन्हा गरोदरपणाचा विचार असेल तर डॉक्टरांना कामाचे स्वरूप आधीच सांगा, कारण शिसे वारेतून गर्भापर्यंत पोहोचते.

बाकीचे थोडक्यात सांगतो. ॲसिड नेहमी पाण्यात घालावे, पाणी ॲसिडमध्ये कधीही घालू नये. गरम रस किंवा मॅसेक्विट (साखरेचे दाणे धरलेला घट्ट पाक) अंगावर उडाले, तर ते कातडीला चिकटून भाजतच राहते, म्हणून लगेच वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावे. हळद, टूथपेस्ट काही लावू नये. नमुना घ्यायला सल्फिटेशनकडे (रसात गंधकाचा वायू सोडतात तिथे) जाताना वास घशाला झोंबू लागला, तर तिथे थांबू नका. दमा असेल तर हे आधीच वरिष्ठांच्या कानावर घाला.

तुमच्या मुलासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुमचा ॲप्रन. तो कारखान्यातच काढून ठेवावा आणि घरच्या कपड्यांत धुवू नये. लहान मुलांच्या शरीरात शिसे मोठ्यांपेक्षा कितीतरी अधिक शोषले जाते, म्हणून घरी पोहोचल्यावर हातपाय धुऊन, कपडे बदलून मगच त्याला उचलून घ्या.