साठीनंतर डिस्क गोल्फचा (चकती फेकून टोपलीत टाकायचा खेळ) बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेत फेकणं, कसा सुधारावा? खांदा दुखतो, डिस्क लांब जात नाही.

आधी पावलं टाकत फेकणं बंद. महिनाभर जागेवर उभं राहून फक्त पुटर, म्हणजे जवळच्या फेकीची संथ डिस्क, फेका. ड्रायव्हरला, म्हणजे लांब फेकीच्या डिस्कला, वेग लागतो. तेवढा वेग नसला की उजव्या हाताने फेकलेली डिस्क लगेच डावीकडे कोसळते आणि आपण आणखी जोर लावतो. खांदा बहुधा तिथेच भरतो.

पाठ लक्ष्याकडे वळेपर्यंत कंबरेतून फिरा, डिस्क छातीला लागून सरळ ओढा, शेवटी ओला टॉवेल झटकावा तसा झटका. पुढची टाच फिरू द्या, नाहीतर गुडघा बोंबलतो. मी १७५ ग्रॅमऐवजी १५०ची डिस्क घेतली. पोरं हसली, हसू देत! दुखणं तरीही राहिलं तर फिजिओला दाखवा.