वाचक विचारतात : तूप, सुकट आणि ऑक्सिडाइज्ड कोलेस्टेरॉल

प्रश्न : ताई, माझं वय ५२. लिपिड प्रोफाइल केलं तर एलडीएल, म्हणजे ते वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, जरा वर आलंय. भाऊ म्हणतो साधं कोलेस्टेरॉल काही करत नाही, खरा घात ऑक्सिडाइज्ड कोलेस्टेरॉल करतं आणि ते तुपात असतं. आमच्याकडे तूप घरीच कढवतात. हे नक्की काय करतं शरीरात? आणि तूप बंद करू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या भावाचं अर्धंच बरोबर आहे. कोलेस्टेरॉलला उष्णता, हवा, उजेड लागला की त्याचं ऑक्सिडेशन होतं, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होऊन ते बिघडतं, आणि ऑक्सिस्टेरॉल नावाची मंडळी तयार होतात, त्यातलं सगळ्यात बदनाम म्हणजे ७-कीटोकोलेस्टेरॉल. हे शरीरात आतही बनतं. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारं एलडीएल रक्तवाहिनीच्या अस्तराखाली जाऊन अडकलं की तिथे ऑक्सिडाइज होतं, मग मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, येतात आणि ते गिळत सुटतात, साधं एलडीएल घ्यायला पेशीला मर्यादा असते, पोट भरलं की दार बंद, पण ऑक्सिडाइज्ड मालासाठी स्कॅव्हेंजर रिसेप्टर नावाची वेगळी दारं असतात आणि त्यांना बस म्हणणं माहीतच नाही. शेवटी ती पेशी चरबीने फुगून फोम सेल होते, प्लाकची, म्हणजे रक्तवाहिनीत साचणाऱ्या थराची, सुरुवात हीच.

आता पेशीच्या आत काय होतं ते. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या माणसाच्या स्नायूपेशींवर ७-कीटो टाकलं तर नॉक्स-४ नावाचं एन्झाइम वाढतं आणि ते ऑक्सिजनचे आक्रमक रेणू बनवायला लागतं. ते जमले आणि पेशीचं ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य त्यांना आवरायला कमी पडलं की त्यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणायचं. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीची ऊर्जाघरं, बिघडतात, एनएफ-कप्पा-बी नावाचं सूज चालू करणारं प्रथिन जागं होतं, आणि पेशी इंटरल्यूकिन-८ सारखे सिग्नल सोडून आणखी पांढऱ्या पेशींना बोलावते. म्हणजे स्ट्रेसमुळे सूज, आलेल्या पेशींमुळे परत स्ट्रेस, असं चक्रच. अर्थात हे प्रयोग डिशमधल्या पेशींवरचे, त्यांना डोस थेट आणि भरपूर मिळतो, जेवणातून तसा मिळत नाही. पण सूज हा नुसता तमाशा बघणारा नाही हे माणसांतही दिसलंय : २०१७ साली आलेल्या कँटोस चाचणीत १० हजारांहून जास्त हार्ट अटॅक येऊन गेलेले पेशंट होते, त्यांना एलडीएल कमी न करता फक्त इंटरल्यूकिन-१-बीटा हा सूज वाढवणारा सिग्नल अडवणारं औषध दिलं तरी पुढचे अटॅक कमी झाले.

तुपाची गोष्ट आली कुठून तर १९८७ च्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकामधून. परदेशात राहणाऱ्या भारतीयांना हृदयरोग इतका का होतो हे शोधताना तूप तपासलं, तर त्यातल्या स्टेरॉलपैकी (कोलेस्टेरॉल आणि त्याची भावंडं) १२.३ टक्के ऑक्सिडाइज्ड निघालं, ताज्या लोण्यात मात्र काहीच नाही. पण ती फक्त एक शक्यता मांडलेली होती, त्यावरून तुपाला थेट फाशी देणं मला पटत नाही. लोणी मंद आचेवर कढवून, बेरी तांबूस झाली की गॅस बंद करून गाळलेलं तूप वेगळं, आणि तळणीत चार वेळा तापवून परत डब्यात ओतलेलं तूप वेगळं! तेव्हा भातावर चमचाभर ताजं घ्या, तुपात तळण बंद, खवट वास आला तर सरळ टाकून द्या, आणि बरणी गॅसशेजारी उन्हात ठेवू नका. एलडीएलकडे मात्र दुर्लक्ष नको, ऑक्सिडाइज व्हायला कच्चा माल तोच ना. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ऑक्सिडाइज्ड एलडीएल मोजत नाहीत, मुद्दाम शोधून ती टेस्ट करायचीही गरज नाही.

प्रश्न : आम्ही मालवणचे, सुकट-बोंबील रोजचे. त्यातही हे असतं का? आणि व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूल घेतल्या तर?

उत्तर : असतं की. मासळी दिवसभर उन्हात-वाऱ्यात पसरली की कोलेस्टेरॉलही ऑक्सिडाइज होतं, त्यात माशाची चरबी पटकन बिघडणारी, ती त्याला हातभार लावते. दूध पावडर, अंड्याची पावडर यांचंही तेच. म्हणून ताजं मिळतं तेव्हा ताजंच खा, सुकं पावसाळ्यापुरतं, आणि पिवळं पडलेलं, कडवट वासाचं सुकं घेऊच नका. वड्याच्या तेलाचं विचाराल तर वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच, तिथे प्रॉब्लेम तेलाच्याच बिघाडाचा आहे, म्हणून तर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल तापून बिघडल्यावर वाढणारे पदार्थ, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायला मनाई केलीये.

कॅप्सूलचं म्हणाल तर डिशमध्ये व्हिटॅमिन ई छान काम करतं, माणसांत नाही. २००० साली आलेल्या होप चाचणीत साडेनऊ हजार लोकांपैकी निम्म्यांना रोज ४०० युनिट साधारण साडेचार वर्षं दिलं, हृदयाला काडीचा फायदा नाही. ते पैसे ताज्या बांगड्यावर घाला.