आधी चिठ्ठी, मग दगड

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा फोटो मिळाला. काळा दगड, एका अंगाला हिरवट झाक, आणि खाली एवढंच: "मॅडम, लोणारचा आहे. उल्का असेल का?" चष्मा पुसून दोनदा पाहिला. दगडाशेजारी नाणं नाही, पेन नाही, तुझं बोटसुद्धा नाही. तो आवळ्याएवढा आहे की म्हशीएवढा, हे कळायला मार्ग नाही. विवराच्या काठावरचा, तळ्याजवळचा, की गावातल्या कुणाच्या कुंपणातला, तेही नाही. तेव्हा उत्तर सध्या मिळणार नाही. रुसू नकोस. तुझ्या वयात मी याहून मोठा घोळ घातला होता, तो पुढे सांगते.

तुझा खरा प्रश्न वेगळाच आहे. दगड घ्यावेत, ग्रह घ्यावेत की जंगल? घरचे म्हणतात, एकदाचं काय ते ठरव. मी म्हणते, एवढ्यात ठरवू नकोस. तिन्हीकडे आधी शिकायची गोष्ट एकच आहे आणि अभ्यासक्रमात ती चार ओळींत उरकतात: वस्तू कुठे, कधी, कशी मिळाली ते खरं खरं लिहून ठेवणं.

एवढंच? हो, एवढंच. आपल्या खानदेशातली एक गोष्ट ऐक.

रानपिंगळा नावाचा पक्षी आहे. गावातल्या पिंगळ्यासारखाच, पण अंगावर ठिपके कमी, आणि दिवसाढवळ्या वावरणारा. ह्यूम या ब्रिटिश पक्षी-अभ्यासकानं १८७३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. पुढच्या काही वर्षांत कापूस भरून जपलेली जेमतेम सात कातडी जगातल्या संग्रहालयांत जमा झाली. त्यांतली बरीचशी खानदेशातली, जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानं गोळा केलेली. १८८४ नंतर पक्षी गायब. फक्त एका कातड्याच्या पायाला वेगळी चिठ्ठी होती: १९१४, गुजरातेत तापीकाठचं मांडवी, गोळा करणारे कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहेगन. पक्षिशास्त्रातलं मोठं नाव. साहजिकच त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून शोध झाले. हाती काही लागलं नाही.

१९९०च्या दशकात पामेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी ती कातडी पुन्हा टेबलावर घेतली. कापूस कसा भरला, पंख कसे बसवले, टाके कुठे घातले, यात प्रत्येकाचा हात असतो. ब्लाउज पाहून शिंपी ओळखावा, तसा तो ओळखता येतो. माइनर्ट्झहेगनच्या पिंगळ्याचे एक्स-रे काढले तेव्हा वरच्या नव्या भरणीखाली डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा निघाल्या. म्हणजे कर्नलसाहेबांनी ब्रिटिश संग्रहालयातला पक्षी उचलला, पुन्हा भरला आणि स्वतःची चिठ्ठी बांधली. रासमुसेन यांनी १९१४ची नोंद सरळ खोडली. उरलेल्या खऱ्या चिठ्ठ्या घेऊन त्या बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांच्याबरोबर भारतात आल्या. आधी पूर्वेकडची ठिकाणं पालथी घातली, काही नाही. मग खानदेश. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, निष्पर्ण झाडावर ऊन खात रानपिंगळा बसला होता. ११३ वर्षांनी. त्यानंतर तो तोरणमाळला दिसला, मेळघाटात दिसला, पार मुंबईजवळ तानशाच्या जंगलातही दिसला.

चोराचा राग मलाही येतो, पण मला जास्त आठवतो तो डेव्हिडसन. त्यानं काही सिद्धांत मांडला नव्हता. गाव लिहिलं, तारीख लिहिली, पुढे गेला. शंभर वर्षांनी त्या दोन ओळींवर एक जात परत सापडली.

आता तुझ्या लोणारकडे येऊ. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या जागेचं वेगळेपण नोंदवलं. पुढे दीडशे वर्षं वाद: ज्वालामुखी की उल्का? ज्वालामुखी म्हणणारे काही वेडे नव्हते. चहूकडे लाव्हाचे थरच थर, मग खड्डाही त्यातलाच वाटणार. अमेरिकेत अॅरिझोनातल्या अशाच एका विवराचा निकाल १९६०च्या सुमारास लागला, कारण तिथल्या वाळूच्या खडकातल्या क्वार्ट्झचं (गारगोटीचं) प्रचंड दाबाखाली कोएसाइट हे घट्ट रूप झालेलं सापडलं. आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, क्वार्ट्झच नाही म्हटलं तरी चालेल. तिथली किल्ली इथल्या कुलपाला लागेना. मग पाहायचं कशात? बेसाल्टमधल्या फेल्स्पार या खनिजात.

हे तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवंस. बेसाल्टचा तुकडा ०.०३ मिलिमीटरपर्यंत घासला की काळा दगड काचेसारखा आरपार दिसतो. सूक्ष्मदर्शकात दोन पोलरायझर (एकाच दिशेचा प्रकाश जाऊ देणाऱ्या काचा) आडवे-उभे लाव आणि स्टेज, म्हणजे नमुना ठेवायची तबकडी, हळूहळू फिरव. प्लॅजिओक्लेज या फेल्स्पारच्या काड्या, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा असावा तशा, उजळतात, विझतात, पुन्हा उजळतात. आता लोणारचा, जबर धक्का खाल्लेला तुकडा ठेव. काडी तीच, कडा शाबूत, लांबी-रुंदी तीच. पण स्टेज पूर्ण फिरवली तरी काळीच. उजळत नाही. दगड वितळून वाहिला नाही, पण खनिजाची आतली घडी एका फटक्यात मोडली आणि त्याची जागच्या जागी काच झाली. हीच मास्केलिनाइट. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बल्ब गेला असं समजून उठून बटण तपासलं होतं!

ज्वालामुखीला असा फटका मारता येत नाही. विवराच्या तळात भोकं पाडून काढलेल्या नमुन्यांतही धक्क्याच्या याच खुणा मिळाल्या आणि १९७३ मध्ये भारतीय व अमेरिकी शास्त्रज्ञांनी मिळून लोणार आघातानंच झाल्याचं छापलं.

हे मास्केलिनाइट आधी कुठे सापडलं होतं? बिहारात. २५ ऑगस्ट १८६५ रोजी गया जिल्ह्यात शेरघाटीला एक दगड आकाशातून पडला. पडताना लोकांनी पाहिला, म्हणून दिवस आणि गाव पक्कं राहिलं. १८७२ मध्ये व्हिएन्नाच्या चेर्माक या खनिजतज्ज्ञानं त्यातल्या या काचेला नाव दिलं. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, अंटार्क्टिकात मिळालेल्या त्याच जातीच्या एका उल्केत अडकलेला वायू आणि नासाच्या व्हायकिंग यानांनी मंगळावर मोजलेली हवा जुळली, आणि शेरघाटीचा दगड मंगळावरून आलेला ठरला. म्हणजे मंगळाला कुणीतरी ठोसा मारला, त्याचा एक कपचा बिहारात पडला, आणि त्याच्या ओळखीवर बुलढाण्याचा खड्डा ओळखता आला. भूशास्त्र की ग्रहविज्ञान, असं तू विचारतेस. या गोष्टीत रेघ कुठे मारशील?

मात्र लोणारचं सगळं सुटलंय असं समजू नकोस. विवराचं वय थर्मोल्युमिनेसन्सनं (नमुना तापवून त्यातून निघणारा उजेड मोजून) सुमारे ५२ हजार वर्षं निघालं. पोटॅशियमपासून हळूहळू बनणाऱ्या आर्गॉन वायूच्या घड्याळानं, २०११ मध्ये, सुमारे ५ लाख ७० हजार. अकरा पटींचा फरक! दोन्हीकडची माणसं हुशार, दोन्हीकडची यंत्रं चांगली. काच कमी पोटॅशियमची, शिवाय मूळ दगड साडेसहा कोटी वर्षांचा. त्याचा जुना आर्गॉन काचेत किती उरला, हा हिशेब फार नाजूक असतो. माझा कल दुसऱ्या आकड्याकडे आहे, पण पैज लावणार नाही. तुझ्या पिढीतल्या कुणीतरी त्यात हात घालावा, अशी मात्र इच्छा आहे.

आता माझा घोळ. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी वरंधा घाटात नमुने घेत होते. चौदा कापडी पिशव्या, प्रत्येकीत कागदाची चिठ्ठी, बॉलपेननं सुवाच्य अक्षरात लिहिलेली. पिशव्या एसटीच्या टपावर टाकल्या. भोरच्या अलीकडे अवकाळी पाऊस झोडपून गेला. घरी येऊन पिशव्या उघडल्या तर चौदा निळे डाग. दगडांवर नंबर घातले नव्हते, कारण मला वाटलं होतं, बघताक्षणी ओळखेन. सह्याद्रीतले लाव्हाचे थर डोळ्यांनी ओळखणं किती अवघड, ते तुला लवकरच कळेल. पोलादपूर आणि आंबेनळी हे दोन गट वेगळे काढायला रासायनिक पृथक्करण लागतं, आणि तेही नमुना कुठल्या उंचीवरचा ते माहीत असेल तरच कामाचं. चौदा दगड आमच्या परसात तुळशीभोवती लावले. अजून आहेत. हंगाम वाया गेला. गाइड काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

तेव्हापासून पेन्सिल. दगडावरच पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर नंबर, पिशवीत दुसरा, वहीत तिसरा. जीपीएसचा आकडा घेच, पण शेजारी शब्दांतही लिही: "पुलाखाली, ओढ्याचा डावा काठ, लाल मातीच्या थराच्या वर दोन हात." आकड्यातला एक अंक चुकला तर तू अरबी समुद्रात पोचतेस, शब्द तुला परत ओढ्यावर आणतात. दगड सुटा होता की जागचा, हे पहिल्या ओळीत येऊ दे. आणि वहीचं पान मधोमध दुमड. डावीकडे दिसलं ते, उजवीकडे वाटलं ते. उजवी बाजू पुढे खुशाल चुकू दे. अंटार्क्टिकात १९८४ मध्ये उचललेल्या एएलएच ८४००१ या उल्केचा प्रकार सुरुवातीला चुकीचा लावला गेला होता. जवळजवळ नऊ वर्षांनी लक्षात आलं की हीसुद्धा मंगळाची. दगड जपून ठेवलेला होता म्हणून चूक निस्तरता आली.

जंगलात गेलीस तर आणखी एक सवय लागेल, ती दगडवाल्यांना फारशी नसते: काही न दिसल्याची नोंद. सकाळी सहा ते नऊ चाललीस आणि एकही नीलगाय दिसली नाही, तर तो शून्य लिही, वेळ आणि अंतरासकट. कंटाळा येतो, ठाऊक आहे. पण ते शून्य नसेल तर "पूर्वी इथे खूप होत्या" या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

लोणारचं तळं जून २०२० मध्ये गुलाबी झालं, तेव्हा माझ्या फोनवर दिवसाला दहा कारणं येत होती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं आणि खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव दाखवले. त्याआधी कुणीतरी काठावर बसून बाटली भरली, चिठ्ठी लावली. बातमीत ते माणूस नसतं.

पोटापाण्याचंही विचारलं होतंस. जीएसआय, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा आहे, ग्रहांसाठी अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा (पीआरएल), वन्यजीवांसाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था. स्पर्धा दांडगी आहे, गोड बोलून उपयोग नाही. बाकी सविस्तर भेटीत.

तुझी,
मॅडम

ता. क. विवराचा परिसर २००० पासून अभयारण्य आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथली काडीही उचलायची नाही, दगड तर नाहीच. फोटोतला दगड होता तिथेच आहे ना? असेल तर रविवारी पुन्हा जा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेव, मागचा कडाही दिसेल असा दुसरा फोटो काढ आणि चिठ्ठी लिहून पाठव. त्या हिरवट झाकेबद्दल मला एक शंका आहे, पण ती मी माझ्या वहीत उजवीकडे लिहून ठेवली आहे.