वाचकांचे प्रश्न : मेटल डिटेक्टर वाजतो, पण बघतं कोण?

नोव्हेंबर आला की या कॉलमकडे 26/11 चे प्रश्न येतातच, पण 2025 मध्ये पहलगामचा हल्ला झाला, त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा जण गेले, मग जुलैमध्ये दोन मोठे निकाल लागले, त्यामुळे यावेळी पत्रांचा ढीगच आहे. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. ज्या प्रश्नांवर मला खरंच काही बोलायचंय तेवढे घेतलेत.

प्रश्न : मी रोज ठाण्याहून सीएसएमटीला येतो. स्टेशनवरचा तो दारासारखा मेटल डिटेक्टर माझ्या डब्याला वाजतो, छत्रीला वाजतो, मागच्या काकूंच्या पर्सलाही वाजतो, आणि बाजूला बसलेले साहेब मान वर करत नाहीत. मग हे ठेवलंय कशाला?

उत्तर : खरं सांगू, मशीन म्हणून त्याचा उपयोग जवळपास शून्य. मुंबईच्या लोकलने रोज सत्तर-पंचाहत्तर लाख लोक जातात, प्रत्येकाच्या सॅकमध्ये हात घालायचा ठरवला तर सकाळी आठची गर्दी दुपारी चारला स्टेशनात शिरेल. विमानतळावर जमतं ते लोकलला जमणार नाही, हे पोलिसांनाही माहितीये, पण काढून टाकलं आणि उद्या काही झालं तर काढायची सही कोणाची, हा प्रश्न येतो, म्हणून ते तिथेच टीं टीं करत उभं असतं. बाजूला हत्यारबंद पोलीस नीट उभा असेल तर गोष्ट वेगळी, आत शिरणारा निदान दोनदा विचार करतो.

26 नोव्हेंबर 2008 च्या त्या रात्री याच स्टेशनात काय झालं ते आठवा. दोघं अतिरेकी एके-47 घेऊन मेन लाईनच्या हॉलमध्ये घुसले, समोर पोलिसांकडे जुन्या रायफली आणि काठ्या, पन्नासहून जास्त माणसं गेली. तो आकडा अजून किती वाढला असता देव जाणे, पण अनाउन्सर विष्णू झेंडे यांना केबिनच्या काचेतून खालचा प्रकार दिसला आणि ते माइक सोडून पळाले नाहीत, लोकलमधून उतरणाऱ्यांना मराठीत-हिंदीत सांगत राहिले की पुढे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. कमांडो तेव्हा कुठे होते? हरियाणात, मानेसरला! त्यांचं विमान मुंबईत येईपर्यंत सकाळ झाली. नंतर 2009 मध्ये या कमांडोंचा, म्हणजे एनएसजीचा, तळ मुंबईत आला, राज्याने फोर्स वन हे स्वतःचं कमांडो पथक उभं केलं, पुढे शहरभर कॅमेरे लागले, हे सगळं चांगलंच झालं. पण पहिल्या दहा मिनिटांत तिथे जो असतो तोच असतो, मग तो हवालदार असो, हमाल असो की अनाउन्सर, आणि त्या माणसाच्या ट्रेनिंगवर आपण मशीनच्या मानाने किती खर्च करतो हे तुम्हीच बघा.

प्रश्न : आम्ही रायगडमधले कोळी. समुद्रात जाताना टोकन दाखवा, खलाशांची कार्डं दाखवा, बोटीचे कागद दाखवा. परत आलो की तेच. बर्फ वितळतो, मासळीचा भाव पडतो. अतिरेकी कराचीहून आले आणि चौकशी आमची, हा कुठला न्याय?

उत्तर : दादा, तुमचा राग समजतो आणि थोडा पटतोही. पण कागद तुमच्याकडेच का मागतात त्याचं कारण एक बोट आहे. पोरबंदरची ‘कुबेर’. दहा जण कराचीहून निघाले, भर समुद्रात ही मासेमारीची बोट धरली, चार खलाशांना मारलं, तांडेलाला, म्हणजे बोटीच्या कप्तानाला, मुंबईपर्यंत बोट आणायला लावली आणि मग त्यालाही मारलं. म्हणजे पहिले बळी तुमच्याच धंद्यातले होते. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला ती आपलीच बोट वाटणार, हाच त्यांचा डाव होता. टोकन आणि कार्डामागचा हिशोब एवढाच, की बोट कोणाची आणि आत कोण गेलंय हे किनाऱ्यावर कोणाला तरी माहीत असावं.

आता दुसरी बाजू. कफ परेडला मच्छीमार नगरजवळ ते रबरी होडीतून उतरले तेव्हा त्यांना पहिल्यांदा कोणी हटकलं? वस्तीतल्या कोळ्यांनी. अंगावर नवीकोरी जॅकेटं, पाठीवर जड सॅक, ही पोरं मासेमारीची नाहीत हे त्यांना बघताक्षणी कळलं होतं, ‘कोण रे तुम्ही’ विचारलं तर उलट दम मिळाला. ही नजर कुठल्याही रडारला नाही. रडार आणि ट्रान्सपॉन्डर मोठ्या जहाजांना ठीक आहेत, छोट्या होड्यांच्या गर्दीत परकी होडी ओळखणारा माणूस तांडेलच. म्हणून किनाऱ्यावरच्या लोकांचंच सागर रक्षक दल आहे, म्हणून ‘सागर कवच’च्या सरावात पोलिसांचीच माणसं डमी बनून किनाऱ्याला लागतात आणि कोणाच्या लक्षात येतं का ते बघतात. पण ज्याला रोज संशयित म्हणून उन्हात उभं केलं तो तुम्हाला खबर द्यायला कशाला येईल? माझ्या मते टोकन राहू द्या, पण ते पाच मिनिटांत मिळालं पाहिजे, आणि कोळ्याने सागरी पोलिसांच्या 1093 ला फोन लावला तर आधी त्याचीच उलटतपासणी नको.

आणि कागदांबद्दल आणखी एक, रायगडचे आहात म्हणून बोलतो. 1993 च्या स्फोटांचं आरडीएक्स तुमच्याच जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला उतरलं होतं. तेव्हा नियमही होते, नाकेही होते आणि नाक्यावर माणसंही होती. माल पुढे गेला तो पैसे घेऊन, त्यात पोलीस आणि कस्टमच्या लोकांना पुढे शिक्षाही झाल्या. 12 मार्चला 257 माणसं मेली. लाच घेणाऱ्याला बहुतेक वाटलं असेल की नेहमीसारखं चांदी नाहीतर घड्याळं असतील! हे कुठल्या स्पीडबोटीने थांबणार सांगा.

प्रश्न : 2006 च्या लोकल स्फोटातले सगळे सुटले, मालेगावचे पण सुटले. मग केलं कोणी? दहशतवाद्यांना कोर्टकचेरी हवीच कशाला, सरळ उडवून टाका.

उत्तर : अशी पत्रं सगळ्यात जास्त आली, यातली भाषा मी बरीच सौम्य केलीये.

आधी झालं काय ते बघू. 11 जुलै 2006 ला वेस्टर्नच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत 11 मिनिटांत 7 स्फोट झाले, 180 च्या वर माणसं गेली. खालच्या कोर्टाने 2015 मध्ये 12 जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी. 21 जुलै 2025 ला हायकोर्टाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. कबुलीजबाब विश्वासाचे नाहीत, साक्षीदारांनी तीन-तीन महिन्यांनी चेहरे ओळखले ते पटत नाही, बॉम्ब नेमका कसला होता हेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही, असं कोर्ट म्हणालं. सरकार सुप्रीम कोर्टात गेलंय, तिथे हा निकाल दुसऱ्या केसमध्ये दाखला म्हणून वापरू नका एवढी स्थगिती मिळाली, सुटलेल्यांना परत आत मात्र घातलं नाही. यानंतर दहाच दिवसांनी, 31 जुलैला, 2008 च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी सुटले, तिथेही पुरावा कमी पडला. दोन्हीकडचे आरोपी वेगळ्या धर्माचे, आपण एका निकालावर टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्यावर बोंब मारली, कोणी कुठे काय केलं ते ज्याचं त्याने बघावं. मला दोन्हीकडे एकच दिसतं, ज्यांचं माणूस गेलं त्यांना इतक्या वर्षांनी उत्तर नाही.

आता ‘सरळ उडवून टाका’बद्दल. 2006 च्या केसमध्ये पकडलेली माणसं खरी नसतील आणि तुमचं ऐकून त्यांना उडवलं असतं, तर ज्याने खरंच बॉम्ब ठेवला तो आज मस्त घरी बसला असता आणि फाईलही बंद झाली असती. चुकीचा माणूस धरणं म्हणजे बरोबरचा सोडणं. शिवाय ज्या मोहल्ल्यातली पोरं वर्षानुवर्षं आत राहून सुटतात तिथून पोलिसांना पुढची खबर कोण देणार?

कसाबची केस आठवा. तुकाराम ओंबळे हातात फक्त काठी घेऊन पुढे गेले, त्याच्या रायफलची नळी धरली, गोळ्या अंगावर झेलल्या पण सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. जिवंत सापडला म्हणून कटाचा धागा मिळाला, ‘कुबेर’वर जीपीएस आणि सॅटेलाइट फोन सापडले, हल्लेखोरांना कराचीहून येणारे फोन एटीएसने, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाने, रेकॉर्ड केले होते, स्टेशनातला फोटो होता. त्याला वकीलही दिला, यावर तेव्हा किती आरडाओरडा झाला होता! तरी चार वर्षांच्या आत, 21 नोव्हेंबर 2012 ला, सुप्रीम कोर्टापर्यंत सगळं होऊन येरवड्यात फाशी झाली आणि केस कुठे डगमगली नाही. मारहाण करून घेतलेली कबुली दोन दिवसांत मिळते, असा पुरावा गोळा करायला डोकं आणि वेळ लागतो.

प्रश्न : अमेरिकेसारखी एकच मोठी यंत्रणा आपल्याकडे का नाही?

उत्तर : प्रयत्न झाला. 26/11 नंतर महिनाभरात एनआयएचा, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेचा, कायदा आला. पुढे 2012 मध्ये एनसीटीसी, म्हणजे राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र, आणायचं ठरलं तेव्हा बऱ्याच मुख्यमंत्र्यांनी विरोध केला, कारण पोलीस हा राज्याचा विषय आणि केंद्राच्या गुप्तचरांना थेट अटकेचा अधिकार द्यायचा होता. ते बासनात गेलं. मला त्याचं फार वाईट वाटत नाही, खबर दिल्लीहून पोलीस ठाण्यापर्यंत वेळेत आणि नेमकी पोचली पाहिजे, ती एका यंत्रणेतून येते की पाचांतून याने काय फरक पडतो. ‘समुद्रमार्गे हल्ल्याची शक्यता’ एवढ्या एका ओळीवर पोलीस ठाण्याच्या इन्स्पेक्टरने करायचं काय?

प्रश्न : (नाव-गाव देत नाही.) बहिणीचा मुलगा, वय 19, रात्रभर फोनवर कसले तरी व्हिडिओ बघतो, घरात कोणाशी बोलत नाही, एकदा म्हणाला मरणं काही वाईट नसतं. पोलिसांना सांगितलं तर त्याचं आयुष्य जाईल. नाही सांगितलं तर?

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. कदाचित हे दहशतवादाचं काहीच नसेल, नुसतं नैराश्य असेल, आणि तेही तितकंच तातडीचं आहे. आधी त्याला डॉक्टरकडे न्या, आणि त्याच्याशी बोलायला असा माणूस शोधा ज्याचं तो ऐकतो, मामा, जुने सर, क्लबातला कोच, कोणीही. फोन हिसकावून फोडू नका, नाहीतर दुसरा फोन येईल आणि तो तुम्हाला दिसणार नाही.

कल्याणची चार पोरं 2014 मध्ये आयसिसमध्ये जायला इराकला गेली होती, घरच्यांना कळलं तोवर ती देशाबाहेर होती. त्यानंतर महाराष्ट्र एटीएसने पद्धत बदलली, ज्याने अजून गुन्हा केलेला नाही त्याला आणि त्याच्या घरच्यांना बसवून समुपदेशन करायचं, जरूर पडली तर मौलवींना सोबत घ्यायचं, अटक नाही. तेव्हा तुमच्या भाच्याने कोणाशी भेटीगाठी, पैसे, प्रवास असलं काही ठरवलेलं दिसलं तर ओळखीच्या वकिलाला सोबत घेऊन एटीएसकडे जा, पण थांबू नका. नुसते व्हिडिओच असतील तर आधी घर, मग डॉक्टर.

प्रश्न : लोकलमध्ये बेवारस बॅग दिसली तर नक्की करायचं काय? लोक हसतात.

उत्तर : हात लावू नका, आधी मोठ्याने विचारा कोणाची आहे. कोणी बोललं नाही तर लांब व्हा, इतरांना करा आणि 139 किंवा 112 ला डब्याचा नंबर सांगा. मी एकदा दादरला असं केलं, गाडी थांबली, पाच-सात मिनिटं गेली आणि पलीकडच्या दारातून एक गृहस्थ धापा टाकत आले. पिशवीत भाकरी आणि पिठलं होतं. त्यांनी मला जे ऐकवलं ते इथे छापता येत नाही.